आफ्रिकेतील सफारीसाठी महिना कसा निवडावा: मसाई मारा आणि सेरेंगेटीला प्रथमच जाणाऱ्यांसाठी

केनिया किंवा टांझानियाच्या सफारीची चौकशी सुरू केली की पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो: जुलै-ऑगस्टमध्ये जा, तेव्हा ‘मायग्रेशन’, म्हणजे विल्डबीस्ट नावाच्या मोठ्या हरिणवर्गीय प्राण्यांच्या कळपाचे स्थलांतर, दिसते. हा सल्ला चुकीचा नसला तरी अपुरा आहे. त्याच महिन्यांत मुक्काम भलत्या भागात घेतला, तर प्राण्यांचा मोठा कळप शंभराहून अधिक किलोमीटर दूर राहतो. आणि ज्यांना हत्ती, चित्ते किंवा नवजात पिलांच्या मागावर असलेले शिकारी प्राणी पाहायचे आहेत, त्यांच्यासाठी वर्षातील दुसरेच महिने अधिक सोयीचे ठरतात. हा महिना ठरवण्याच्या खटाटोपातून मी स्वतः गेलो आहे आणि पुढे नातेवाइकांच्या सहली आखून देताना तेच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले आहेत. ते ज्या क्रमाने सोडवले असता गोंधळ कमी होतो, त्या क्रमाने येथे मांडले आहेत. लेखाचा भर नैऋत्य केनियावर (मसाई मारा) आणि उत्तर टांझानियावर (सेरेंगेटी) आहे. दक्षिण आफ्रिकेचे ऋतुचक्र वेगळे असल्यामुळे तिचा उल्लेख सुट्ट्यांच्या संदर्भात पुढे येईल.

१. महिन्याआधी काय पाहायचे ते ठरवा

सिंह, बिबट्या, हत्ती, आफ्रिकी म्हैस, जिराफ, पाणघोडे आणि तरस हे प्राणी स्थलांतराच्या कळपाबरोबर देशोदेशी फिरत नाहीत. मसाई मारा, सेरेंगेटीचा मधला सेरोनेरा भाग आणि टांझानियातीलच एन्गोरोंगोरोचे ज्वालामुखी-विवर येथे ते बाराही महिने असतात; विवराच्या तळावर मात्र जिराफ नसतात. एन्गोरोंगोरोच्या विवराचा तळ सुमारे २६० चौरस किलोमीटरचा आहे, त्याभोवती सुमारे ६०० मीटर उंचीचे कडे आहेत आणि काळा गेंडा पाहण्याची संधी तेथे चांगली मिळते. ज्यांची अपेक्षा ‘सर्व मुख्य प्राणी निवांतपणे पाहावेत’ एवढीच आहे, त्यांनी कळपाच्या मागे धावण्याची आणि त्यासाठी हंगामी दर मोजण्याची काहीच गरज नाही.

याउलट काही दृश्ये ठरावीक काळातच दिसतात. मारा नदी ओलांडणारे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात दिसतात. विल्डबीस्टच्या पिलांचा जन्मकाळ जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, त्यातही मुख्यतः फेब्रुवारीत असतो. केनियातील अंबोसेली उद्यानातील हत्तींमागे ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो स्वच्छ दिसावा अशी इच्छा असेल, तर जानेवारी-फेब्रुवारी किंवा जूननंतरचे कोरडे महिने निवडावेत आणि पहाटे लवकर बाहेर पडावे, कारण दिवस वर आला की शिखर बहुधा ढगांत जाते. टांझानियातील तारांगिरे उद्यानात नदीकाठी हत्तींचे मोठे कळप जुलै ते ऑक्टोबर या काळात जमतात. पक्षिप्रेमींनी मात्र नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ धरावा, कारण तेव्हा युरोप आणि आशियातून आलेले स्थलांतरित पक्षी तेथे मुक्कामाला असतात.

घरातील प्रत्येकाची पहिली पसंती कागदावर लिहून घ्यावी. तीन जणांच्या तीन वेगळ्या इच्छा एकाच आठवड्यात बसत नाहीत, हे आरक्षणाआधी समजलेले बरे.

२. तापमानाकडे नव्हे, पावसाकडे पाहा

केनियातून विषुववृत्त जाते. त्यामुळे दिवस वर्षभर साधारण बारा तासांचाच असतो, आणि मसाई मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून अधिक उंचीवर असल्याने आपल्याकडच्या उन्हाळ्यासारखी काहिली तेथे सहसा होत नाही. महिन्यामहिन्यांतील खरा फरक पावसाने पडतो. मार्च ते मे हा दीर्घ पावसाचा काळ असून त्याला तेथे मासिका म्हणतात. नोव्हेंबर आणि डिसेंबरचा पहिला भाग हा छोट्या पावसाचा, म्हणजे वुलीचा असतो. यांच्यामध्ये दोन कोरडे काळ येतात: जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचा लांब आणि जानेवारी-फेब्रुवारीचा आखूड.

ज्यांनी ताडोबा पाहिले आहे त्यांना कोरड्या काळाचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पाणवठे मोजके उरतात आणि वाघ त्यांच्याजवळ दिसतो, तोच न्याय येथेही लागू पडतो. एक फरक मात्र लक्षात ठेवावा. ताडोबाचा गाभा भाग पावसाळ्यात बंद असतो. मारा आणि सेरेंगेटी मात्र पावसातही खुले राहतात. उद्यान खुले आहे म्हणजे हंगाम अनुकूल आहे, असा अर्थ काढणे हा नवख्यांसाठीचा पहिला सापळा आहे. पावसाने गवत कमरेएवढे वाढते, त्यात पहुडलेला सिंह वीस पावलांवरूनही दिसत नाही, आणि मारातील काळ्या मातीच्या वाटांवर चारचाकी जोर असलेली गाडीसुद्धा रुतून बसते.

तरीही पावसाळी महिने सरसकट बाद करू नयेत. छोटा पाऊस बहुधा दुपारनंतर किंवा रात्री पडतो आणि सकाळ मोकळी मिळते. धूळ बसलेली असते, हवा स्वच्छ असते, छायाचित्रांसाठी प्रकाश उत्तम असतो. दीर्घ पावसाच्या ऐन मध्याबद्दल, म्हणजे एप्रिल आणि मे महिन्यांबद्दल, मी इतका उदार नाही. मे २०२४ च्या आरंभी तालेक नदीला पूर येऊन माराच्या परिसरातील अनेक कॅम्प पाण्याखाली गेले आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. असे दरवर्षी घडत नाही; पण या काळात काही कॅम्प मुळातच बंद असतात आणि लहान विमानांच्या धावपट्ट्याही चिखलामुळे अडचणीच्या होतात.

३. कळप कोणत्या महिन्यात कोठे असतो ते नकाशावर पाहा

सुमारे १३ लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्याबरोबर लाखो झेब्रे व गझेल वर्षभर एक मोठे वर्तुळ पूर्ण करतात. त्याचे कारण पावसाच्या असमान वाटणीत आहे. सेरेंगेटीच्या आग्नेय मैदानावर वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर वायव्येकडे आणि माराकडे तो १,००० मिलिमीटरच्या वर जातो. दक्षिणेचे गवत ज्वालामुखीच्या राखेवर उगवलेले, आखूड, पण कॅल्शियम आणि फॉस्फरसने समृद्ध असते. ते फक्त पावसाळ्यात हिरवे राहते. ते वाळले की कळप उत्तरेकडे सरकतो आणि बारमाही वाहणाऱ्या मारा नदीच्या आसऱ्याला येतो.

डिसेंबर ते मार्च: कळप दक्षिण सेरेंगेटी आणि लगतच्या एन्दुतू भागात असतो. फेब्रुवारीतील दोन-तीन आठवड्यांत बहुतेक पिले जन्माला येतात. इतकी पिले एकदम आल्यामुळे शिकारी प्राण्यांना ती सर्व मारता येत नाहीत आणि कळपाची नवी पिढी टिकते. जन्मल्यानंतर काही मिनिटांतच पिलू उभे राहते आणि लवकरच आईबरोबर धावू लागते. आखूड गवताच्या त्या उघड्या मैदानावर चित्ता दुरूनच दिसतो, आणि एन्दुतू हे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर, एन्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात असल्यामुळे हंगामात तेथे वाट सोडून गाडी नेण्यास परवानगी असते. माझे स्पष्ट मत असे आहे की, गर्दी नकोशी वाटणाऱ्या आणि सुट्टीचे बंधन नसलेल्या माणसाने नदीच्या नादी न लागता फेब्रुवारीत एन्दुतू गाठावे.

एप्रिल ते जून: कळप पावसात मध्य सेरेंगेटीतून वायव्येकडे निघतो आणि मे-जूनमध्ये पश्चिमेच्या पट्ट्यातील ग्रुमेती नदीच्या परिसरात पोहोचतो. याच काळात नरांच्या झुंजी आणि समागम होतात.

जुलै ते ऑक्टोबर: कळप उत्तर सेरेंगेटीतील कोगातेंदे भाग आणि केनियातील मसाई मारा यांच्यामध्ये असतो. नदी ओलांडणे ही ठरलेल्या तारखेची घटना नव्हे. कळप काठावर तासन्‌तास उभा राहतो, कधी मागे फिरतो, आणि पाऊस पलीकडे पडला की जेथून आला तिकडेच पुन्हा नदी ओलांडून जातो. म्हणून ‘अमुक तारखेला क्रॉसिंग नक्की दाखवू’ असे आश्वासन कोणी दिले, तर त्या व्यक्तीशी पुढचे बोलणे थांबवावे. नदी पाहायचीच असेल तर एकाच काठाजवळ किमान तीन, शक्य तर चार रात्री ठेवाव्यात. एका रात्रीच्या धावत्या भेटीत ती दिसली तर ते निव्वळ नशीब.

नोव्हेंबर: छोट्या पावसाच्या चाहुलीने कळप दक्षिणेकडे परत फिरतो. काही वर्षी तो ऑक्टोबरच्या मध्यालाच निघतो, काही वर्षी रेंगाळतो.

येथील सर्वांत महागडा सापळा नावाचा आहे. मसाई मारा राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचे, तर सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचे आहे. जाहिरातीत ‘ऑगस्ट, सेरेंगेटी, मायग्रेशन’ असे तिन्ही शब्द असतात, मुक्काम मात्र सेरोनेरात असतो. तेथून कोगातेंदेला जायला खडबडीत वाटेने चार-पाच तास लागतात. म्हणून केवळ उद्यानाचे नाव न विचारता कॅम्प कोणत्या भागात आहे हे विचारावे. हंगामानुसार जागा बदलणारे तंबूंचे कॅम्प या दृष्टीने सोयीचे असतात, कारण ते पिलांच्या जन्मकाळात एन्दुतूजवळ आणि जुलैनंतर उत्तरेत हलवले जातात.

४. आपल्या सुट्ट्यांशी मेळ घाला

महाराष्ट्रातील शाळांची मोठी सुट्टी नेमकी दीर्घ पावसात येते. ‘मे महिन्यात स्वस्त पॅकेज’ असे दिसले तर स्वस्ताईचे कारण आता तुमच्या लक्षात आले असेल. शाळकरी मुले असलेल्या कुटुंबांपुढे माझ्या मते चार पर्याय उरतात.

पहिला पर्याय जूनच्या पहिल्या पंधरवड्याचा आहे. पाऊस ओसरलेला असतो, सृष्टी हिरवी असते, गर्दी अजून आलेली नसते आणि शाळा सुरू होण्याआधी परतता येते. मारात तेव्हा मोठा कळप नसतो. मात्र तेथील सिंह कोठेही गेलेले नसतात.

दुसरा पर्याय दिवाळीच्या सुट्टीचा. येथे पंचांग हाताशी घेऊन बसावे, कारण दिवाळी दोन-तीन आठवड्यांनी पुढेमागे होते आणि त्यावर कळप मिळणार की पाऊस मिळणार हे ठरते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक मास असल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे छोट्या पावसाच्या तोंडावर येते. त्या वर्षी मारात कळप मिळेलच असे धरून चालू नये. २०२७ मध्ये ते २९ ऑक्टोबरला आहे आणि सुट्टीच्या आरंभीच निघाल्यास मारात कळपाची शेपटी गाठण्याची शक्यता बरी राहते.

तिसरा पर्याय नाताळच्या सुट्टीचा. पाऊस कमी होत आलेला असतो आणि कळप दक्षिणेच्या मैदानावर उतरू लागलेला असतो, तेव्हा टांझानिया अधिक फलदायी ठरते. दर मात्र चढे असतात.

चौथा पर्याय देशच बदलण्याचा आहे, आणि ज्यांना मेशिवाय दुसरा महिनाच मिळत नाही त्यांना मी तोच सुचवतो. दक्षिण आफ्रिका विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला असल्यामुळे क्रूगर राष्ट्रीय उद्यानाकडे पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात पडतो आणि मे ते सप्टेंबर हा कोरडा हिवाळा असतो. मेच्या उत्तरार्धात तेथे गवत विरळ होऊ लागते, पाणवठ्यांवरील वर्दळ वाढते आणि डासांचा त्रासही कमी असतो. त्याहून पुढे बोत्सवानाचा ओकावांगो त्रिभुज प्रदेश आहे. तेथे अंगोलाच्या डोंगरात पडलेल्या पावसाचे पाणी काही महिन्यांनी, जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे स्थानिक कोरड्या काळातच पोहोचते. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

ज्यांच्या घरी शाळेचे बंधन नाही, त्यांना मारासाठी सप्टेंबर हा महिना मला सर्वांत आवडतो: कळप असतो, युरोपातील सुट्ट्या संपल्यामुळे गाड्या कमी होतात. मात्र गणपती घरी बसवणाऱ्यांना तो तसाच्या तसा मिळत नाही. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, तेव्हा एकतर महिन्याच्या आरंभी जाऊन यावे किंवा विसर्जनानंतर निघावे. पितृपक्षात प्रवास न करण्याचा नेम ज्यांच्याकडे पाळला जात नाही, त्यांच्यासाठी तो पंधरवडा या दृष्टीने अगदी सोन्यासारखा आहे.

५. शुल्क आणि गर्दी यांचा हिशेब करा

मसाई मारा राखीव क्षेत्राचे परदेशी प्रौढ पर्यटकासाठीचे प्रवेशशुल्क २०२४ पासून जानेवारी ते जून या काळात दररोज १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर या काळात दररोज २०० डॉलर आहे. दोन प्रौढांच्या तीन दिवसांसाठी ३० जूनपर्यंत ६०० डॉलर लागतात, तर १ जुलैपासून १,२००. हे तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा इतक्याच वेळेचे असते. शुल्क वेळोवेळी बदलते, त्यामुळे आरक्षणाच्या वेळी ते पुन्हा पडताळून पाहावे आणि पॅकेजच्या किमतीत धरले आहे की नाही हे लेखी घ्यावे. ‘पार्क फी वेगळी’ हे वाक्य कोटेशनच्या शेवटी बारीक अक्षरांत असते.

ऑगस्टमध्ये नदीकाठच्या प्रसिद्ध ठिकाणी डझनावारी गाड्या एका रांगेत उभ्या राहतात. ते टाळायचे असेल, तर राखीव क्षेत्राला लागून मसाई समाजाच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोतोरोगी यांसारख्या संरक्षित क्षेत्रांत मुक्काम करावा. तेथे गाड्यांच्या संख्येवर मर्यादा असते आणि राखीव क्षेत्रात नसलेली रात्रीची सफारी व पायी भटकंतीही करता येते. खर्च अधिक होतो. कळप नदी ओलांडतात ती ठिकाणे मात्र दूर पडतात.

६. दोन्ही देश एकाच सहलीत घेण्याआधी सीमा पाहा

नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटलेले आहेत, प्राणी बिनदिक्कत ये-जा करतात. पर्यटकांना मात्र तेथून थेट पलीकडे जाता येत नाही. इसेबानिया किंवा नामांगा येथील अधिकृत नाक्यावरून वळसा घालावा लागतो आणि तेथे गाडी व चालकही बदलतात. यात जवळजवळ एक दिवस जातो. सहल आठवड्याहून लहान असेल, तर महिन्याप्रमाणे एकच देश निवडावा: डिसेंबर ते मार्च टांझानिया, ऑगस्ट ते ऑक्टोबर केनिया, हा ढोबळ नियम बहुतेक वेळा पुरेसा ठरतो.

७. कागदपत्रे, त्यांच्या मुदतीसह

- परतीच्या तारखेनंतरही किमान सहा महिने वैध असलेले आणि कोरी पाने असलेले पारपत्र.
- केनियासाठी इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवानगी. जानेवारी २०२४ पासून तेथे व्हिसाऐवजी ही पद्धत लागू झाली आहे. अर्जासाठी विमानाचे तिकीट आणि मुक्कामाचे आरक्षण लागते. अर्ज लहान मुलांसाठीही वेगळा करावा.
- टांझानियासाठी ई-व्हिसा. केनिया, युगांडा आणि रवांडा यांचा एकत्रित पर्यटक व्हिसा मिळतो, पण त्यात टांझानियाचा समावेश नाही. अनेकांची गफलत येथेच होते.
- पीतज्वराच्या लसीचे पिवळे प्रमाणपत्र. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते आणि पुढे आयुष्यभर चालते. केनियाहून भारतात परतताना ते नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. केनियाहून टांझानियात शिरतानाही ते मागितले जाते. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि सुट्टीच्या मोसमात तेथील वेळा लवकर भरतात, म्हणून किमान सहा आठवडे आधी नाव नोंदवावे. साठीपुढील व्यक्ती, गरोदर स्त्रिया आणि अंड्याची ॲलर्जी असलेले यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.
- हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांची चिठ्ठी. पावसानंतर डास वाढतात, तेव्हा प्रवासाचा महिना डॉक्टरांना आवर्जून सांगावा.
- वैद्यकीय कारणासाठी विमानाने हलवण्याचा खर्च धरणारा प्रवास-विमा.

८. महिन्याप्रमाणे सामान

जुलै-ऑगस्टमध्ये मारातील पहाट दहा-बारा अंशांवर येते आणि एन्गोरोंगोरोचा काठ, सुमारे २,३०० मीटर उंचीवर असल्याने, त्याहून गार असतो. उघड्या छताच्या गाडीत वारा झोंबतो, त्यामुळे स्वेटर, कानटोपी आणि वाऱ्याला अडवणारे जाकीट हवेच. ऑगस्टपासून धूळ फार उडते; कॅमेऱ्यासाठी कापडी आवरण न्यावे. गडद निळे आणि काळे कपडे त्से-त्से माशांना आकर्षित करतात, ते टाळावेत. लहान विमानाने जाणार असाल तर सामान बहुधा पंधरा किलोपर्यंत आणि मऊ पिशवीतच चालते. चिवडा-लाडू प्लास्टिकच्या कॅरीबॅगमध्ये बांधू नयेत. केनियाने २०१७ मध्ये आणि टांझानियाने २०१९ मध्ये अशा पिशव्यांवर बंदी घातली आहे.

९. आरक्षण कधी करावे आणि काय विचारावे

ऑगस्ट-सप्टेंबरमधील मारा आणि फेब्रुवारीतील एन्दुतू येथील चांगले कॅम्प वर्षभर आधी भरू लागतात. जूनसाठी चार-पाच महिने पुरतात. पैसे भरण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे ई-मेलवर मागावीत: कॅम्पचे नाव आणि नेमका भाग कोणता, त्या आठवड्यात कळप साधारण कोठे अपेक्षित आहे, गाडी आमच्यापुरती आहे की अनोळखी लोकांबरोबर वाटून घ्यायची, गाडीत प्रत्येकाला खिडकी मिळेल का, दिवसाला किती किलोमीटरची मर्यादा आहे, शाकाहारी किंवा जैन जेवण कॅम्पमध्ये बनते की बाहेरून येते, आणि पावसाने वाट किंवा धावपट्टी बंद झाल्यास पर्यायी मुक्काम कोणता व त्याचा खर्च कोणी सोसायचा. या शेवटच्या प्रश्नाला मार्च ते मे आणि नोव्हेंबरच्या आरक्षणात लेखी उत्तर आल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवू नये.